गोठ्यातील खोकला आणि बालरोगतज्ज्ञ

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हटले, की आम्हा बालरोगतज्ज्ञांकडून वाचकांच्या काही ठरावीक अपेक्षा असतात. लसीकरणाचे वेळापत्रक, मुलांचा आहार, परीक्षेचा ताण, फार तर मोबाइलचे वेड. यंदा मी गुरांच्या श्वसनरोगावर लिहिणार आहे असे कळवले, तेव्हा संपादक मंडळाने आधी काहीशी काळजी व्यक्त केली आणि मग उदारपणे संमती दिली. त्याबद्दल त्यांचे आभार मानून मूळ विषयाकडे वळतो.

विषय परका वाटला, तरी तो आपल्या परसातलाच आहे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत आजही कितीतरी घरांच्या मागील दारी गोठा आहे. तिळारीच्या कालव्याचे पाणी काही गावांत पोहोचले, हिरव्या चाऱ्याची थोडी सोय झाली, शासनाच्या कामधेनू योजनेतून गाई-म्हशी घेतल्या गेल्या आणि दुधाच्या पैशांवर मुलांच्या शाळेचा खर्च भागू लागला. अशा घरात पावसाळ्यात वासरू धापू लागले, तर ते केवळ जनावराचे दुखणे राहत नाही. त्या घरातले तान्हे मूलही बहुधा त्याच ओलाव्यात, त्याच धुरात आणि त्याच धुळीत श्वास घेत असते. वासरासाठी पशुवैद्याला निरोप जातो, मुलासाठी माझ्यासारख्याकडे. आम्ही दोघे मात्र वर्षानुवर्षे एकमेकांशी एक शब्दही बोलत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की गेल्या सुमारे पंधरा वर्षांत गुरांच्या श्वसनरोगाविषयी जनुक-अभिव्यक्तीचे जे संशोधन झाले, ते बालरोगतज्ज्ञांनी आपलेच समजून वाचले पाहिजे. आणि त्यातून जो धडा मिळतो तो अमलात आणायचा, तर आपल्या तालुक्यांतील डॉक्टर आणि पशुवैद्य यांनी एका टेबलाभोवती बसण्याची प्रथा सुरू केली पाहिजे.

एका शब्दाची साक्ष

हे नाते आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले होते. मुलांच्या डिप्थेरियाला मराठीत घटसर्प म्हणतात. पशुसंवर्धन खात्यांची मराठी पत्रके पाहिली, तर पावसाळ्यापूर्वी गुरांना ज्या रोगाची लस टोचण्यास सांगितलेले असते, त्याचेही नाव घटसर्पच. मुलांचा घटसर्प होतो तो कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी या जंतूमुळे, आणि गुरांचा, विशेषतः म्हशींचा, होतो तो पाश्चुरेला मल्टोसिडा या अगदी वेगळ्या जंतूमुळे. जंतुशास्त्राच्या दृष्टीने या दोहोंचा काडीमात्र संबंध नाही. तरीही ज्या कोणी हे नाव दोन्हींना दिले, त्याने सुजलेला गळा आणि कोंडणारा श्वास पाहिला होता. जंतू त्याला दिसला नव्हता. शरीराने दिलेली प्रतिक्रिया दिसली होती.

नंतरच्या काळात आपण जंतूच्या मागे लागलो आणि ते योग्यच होते. लस, प्रतिजैविके, प्रयोगशाळा ही सारी त्या शोधाची फळे आहेत. परंतु दवाखान्यात खोकणारे मूल समोर आले, की आजही प्रश्न पडतो: हा विषाणू की जीवाणू? हे मूल दोन दिवसांत खेळू लागेल, की रात्री ऑक्सिजन लागेल? नाकातील स्रावात जंतू सापडला, तरी तो रोगाचे कारण आहे की नुसता पाहुणा, हे सांगता येत नाही. तेव्हा पुन्हा शरीराच्या प्रतिक्रियेकडेच पाहावे लागते. फरक इतकाच, की आता ती प्रतिक्रिया पेशीच्या आत डोकावून वाचता येते. जनुक-अभिव्यक्तीचे शास्त्र म्हणजे हे वाचन.

पेटीचे स्वर

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी थोडे सोपे करून सांगतो. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच जनुकसंच असतो. डोळ्यातील पेशी आणि यकृतातील पेशी यांत फरक पडतो तो कोणती जनुके जागी आहेत आणि कोणती निद्रिस्त आहेत यामुळे. भजनाच्या पेटीला पट्ट्या ठरलेल्या असतात. कोणत्या पट्ट्या दाबल्या जातात त्यावर भैरवी की भूप हे ठरते. जनुक जागे झाले, की त्याची आरएनए नावाची एक प्रत तयार होते आणि त्या प्रतीवरून पेशी प्रथिन बनवते. रक्तातील वा ऊतीतील या प्रती मोजल्या, म्हणजे त्या घटकेला शरीर काय वाजवत आहे हे कळते. १९९५ च्या सुमारास मायक्रोॲरे या तंत्राने हजारो जनुकांची अशी मोजणी एकाच वेळी शक्य झाली, आणि २००८ नंतर आरएनएचा थेट क्रम वाचण्याची पद्धत रूढ झाली.

गाईच्या बाबतीत या कामाला पाया मिळाला तो २००९ मध्ये. पंचवीस देशांतील तीनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी सहा वर्षे खपून हेरफर्ड जातीच्या एका गाईचा जनुकपट प्रसिद्ध केला. त्यात किमान २२ हजार जनुके आढळली आणि त्यांपैकी १४ हजारांहून अधिक जनुके माणसासह इतर सस्तन प्राण्यांशी समाईक निघाली. गाईला आपण माता म्हणतो ते श्रद्धेने. शास्त्राने त्या नात्याला भाऊबंदकीचा दाखलाच दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

वासरांनी काय सांगितले

गुरांचा श्वसनरोग हा एका जंतूचा रोग नाही. आधी एखादा विषाणू श्वासमार्गाचे अस्तर खिळखिळे करतो आणि मग एरवी नाकाघशात निरुपद्रवीपणे राहणारे जीवाणू फुफ्फुसात उतरतात. त्यातही दूरच्या प्रवासाने थकलेल्या जनावरांत हा रोग इतका आढळतो, की पाश्चात्त्य पशुपालक त्याला प्रवासाचाच ताप म्हणतात. अमेरिकेत या रोगाने दरवर्षी पशुपालकांचे अतोनात नुकसान होते. म्हणून २०११ मध्ये तेथील कृषी खात्याच्या अर्थसाहाय्याने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली एक मोठा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जनावरांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या रोगजंतूंची लागण करण्यात आली. कोणाला विषाणूची, कोणाला जीवाणूची, कोणाला मायकोप्लाझ्माची. नंतर त्यांच्या श्वासनलिकेजवळील लसिकाग्रंथींतील आरएनए वाचण्यात आला. प्रतिसादाचा काही भाग समान होता आणि काही भाग त्या त्या जंतूगणिक निराळा होता. २०१९ मध्ये आयर्लंडच्या संशोधकांनी दुधाळ जातीच्या वासरांना आरएसव्ही या विषाणूची लागण करून असाच अभ्यास केला. त्यांतही विषाणूविरोधी संरक्षणाची, म्हणजे इंटरफेरॉनशी निगडित जनुके ठळकपणे जागी झालेली दिसली.

या प्रयोगांत वासरांचे प्राण गेले, ही गोष्ट गाईला ओवाळणाऱ्या आपल्या समाजापासून लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना हे खटकेल त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. त्या जिवांच्या मोलाने मिळालेले ज्ञान न वाचता पडून राहावे, हे मला अधिक खटकते. शिवाय या शास्त्राची पुढची पायरी अहिंसक आहे. २०२० मध्ये अमेरिकेतच झालेल्या एका अभ्यासात जनावरे प्रवास करून गोठ्यात दाखल होताच त्यांच्या रक्ताचा नमुना घेतला गेला. पुढे कोण आजारी पडले आणि कोण निरोगी राहिले याच्याशी तो ताडून पाहिला गेला. निरोगी राहिलेल्या जनावरांत दाह वेळेत शमवणाऱ्या यंत्रणेशी संबंधित काही जनुके अधिक जागृत आढळली. अभ्यास थोड्या जनावरांवरचा होता, त्यामुळे त्याला अंतिम सत्य मानता येणार नाही. तरी त्यातील सूचना विचार करण्याजोगी आहे. जंतूवर तुटून पडणे जितके आवश्यक, तितकेच लढाई संपल्यावर शस्त्रे खाली ठेवणेही आवश्यक असते.

आता मुलांकडे वळू. २०१३ मध्ये दोन वर्षांखालील बालकांच्या रक्तावर असाच अभ्यास झाला. आरएसव्हीने आजारी पडलेल्या बालकांत इंटरफेरॉनची आणि न्यूट्रोफिल पेशींची जनुके उसळलेली होती, तर टी आणि बी लसिकापेशींची जनुके दबलेली होती. या नोंदींवरून काढलेला गुणांक बालकाच्या आजाराच्या तीव्रतेशी आणि ऑक्सिजनच्या गरजेशी जुळत होता. २०१६ मध्ये तर ताप आलेल्या मुलांतील जीवाणूजन्य आणि विषाणूजन्य आजार वेगळे ओळखण्यासाठी केवळ दोन जनुकांची जोडी पुरेशी ठरू शकते, असे दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील एक, आयएफआय४४एल, विषाणूच्या आजारात वाढते आणि दुसरे, एफएएम८९ए, जीवाणूच्या आजारात. बावीस हजारांतून दोन! रात्री बारा वाजता खोकणाऱ्या बाळासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरला यापेक्षा अधिक काय हवे?

एकाच घराण्यातील दोन विषाणू

वर आरएसव्हीचा उल्लेख आला. रेस्पिरेटरी सिंसिशियल व्हायरस असे त्याचे पूर्ण नाव. तान्ह्या बाळांच्या ब्राँकिओलायटिसचे हे सर्वांत मोठे कारण. २०१९ या एका वर्षात जगभर पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके या विषाणूमुळे दगावली आणि त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती. वासरांना आजारी पाडणारा आरएसव्ही हा याचाच सख्खा चुलतभाऊ. तो सहसा माणसाला होत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, नाहीतर उद्यापासून लोक मुलांना गोठ्यात जाऊ देणार नाहीत. संसर्ग वेगळा असला, तरी घडणारा रोग विलक्षण सारखा आहे. तीच लहान वयातली लागण, तीच बारीक श्वासनलिकांची सूज, तीच छाती आत ओढून घेण्याची धडपड. म्हणूनच मुलांचा आरएसव्ही समजून घ्यायला उंदरापेक्षा वासरू अधिक उपयोगी ठरले.

या विषाणूच्या लसीचा इतिहास दुःखद आहे. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मलिनने निष्क्रिय केलेली लस बालकांना देण्यात आली. पुढे विषाणूची साथ आली, तेव्हा लस घेतलेल्या लागण झालेल्या बालकांपैकी सुमारे ८० टक्के बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तर लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. दोन बालके दगावली. लसीने शरीराला प्रतिसाद द्यायला शिकवले होते, परंतु चुकीचा. या धक्क्यातून सावरायला शास्त्राला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. २०१३ मध्ये विषाणूच्या एफ प्रथिनाचे पेशीशी एकरूप होण्यापूर्वीचे रूप स्थिर करता आले. २०१७ मध्ये गुरांच्या आरएसव्हीवर याच तत्त्वाने बनवलेली लस वासरांना दिली असता त्यांना संरक्षण मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत गर्भवती मातेला देण्याची आरएसव्हीची लस मान्य झाली. मातेच्या शरीरातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याचे रक्षण करतात.

देवी रोगाच्या लसीपासून ही परंपरा चालत आली आहे. आपण प्रत्येक नवजात बालकाला टोचतो ती बीसीजी लसही मुळात गाईच्या क्षयरोगाच्या जंतूपासूनच बनली. काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे त्या जंतूच्या दोनशे तीसच्या वर पिढ्या वाढवून त्याचा विखार उतरवला. बालरोगशास्त्रावर गोठ्याचे हे ऋण आहे.

चीक कोणाचा?

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मानवी बाळाला प्रतिपिंडे वारेतून मिळतात. गाईच्या वारेची रचना अशी आहे, की वासराला ती अजिबात मिळत नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. ती मिळतात फक्त चिकातून, आणि तीही पहिल्या काही तासांत. दिवसभरानंतर आतड्यांची दारे त्या प्रतिपिंडांना बंद होतात. आपल्याकडे मात्र गाय व्याली, की शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोस पाठवण्याची रीत आहे. खरवस मलाही आवडतो. परंतु वासराचे पोट भरण्याआधी चीक काढून घेणे म्हणजे नवजात बाळाचे लसीकरण रद्द करण्यासारखे आहे. पहिल्या तासात आईचे दूध पाजा, असे आम्ही प्रसूतिगृहात कंठशोष करून सांगतो. तेच वाक्य गोठ्यातही सांगितले पाहिजे. माझ्या मते, ते एकाच व्यासपीठावरून दोघांनी मिळून सांगितले, तर लोकांना अधिक पटेल.

औषधाची एकच बाटली

काही वर्षांपूर्वी डिचोलीकडील एक आई आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आली. अन्यत्र लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी तिने माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "डॉक्टर, हेच इंजेक्शन गेल्या आठवड्यात आमच्या वासराला दिले होते. नाव वाचले मी बाटलीवर. माणसांचे आणि गुरांचे औषध एकच असते का?" औषध होते सेफ्ट्रिॲक्सोन. मुलाला ब्राँकिओलायटिस होता. त्याला प्रतिजैविकाची गरज नव्हती. वाफारे, थेंबथेंब दूध आणि डोळ्यांत तेल घालून केलेली देखरेख एवढ्यावर तो बरा झाला. वासराला त्याची गरज होती की नाही, हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. त्या बाईंचा प्रश्न मात्र मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उत्तर असे, की होय, पुष्कळदा एकच असते. गुरांना दिले जाणारे एन्रोफ्लॉक्सासिन त्यांच्या शरीरात काही अंशी सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये रूपांतरित होते, आणि ते तर आपल्या प्रत्येक औषधालयात आहे. जंतूंना तालुक्याची, खात्याची वा प्राणिजातीची सीमा ठाऊक नसते. गोठ्यात एखाद्या औषधाला दाद न देण्याचा गुण जंतूंनी मिळवला, तर तो शेणातून, पाण्यातून, हाताच्या स्पर्शातून घरात येऊ शकतो. आणि घरातून गोठ्यातही जाऊ शकतो. अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिन या औषधाचा पशुखाद्यातील वापर केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये बंद केला, तो याच कारणासाठी. नवजात बालकाच्या रक्तात जंतू शिरले असता एकामागून एक औषध निष्प्रभ ठरताना पाहणे काय असते, हे माझ्या व्यवसायबंधूंना सांगायला नको.

आता जनुक-अभिव्यक्तीचे संशोधन या प्रश्नाशी कोठे जुळते ते लक्षात येईल. वासरू असो वा मूल, आजार विषाणूचा की जीवाणूचा हे शरीराच्या प्रतिसादावरून अर्ध्या तासात कळू लागले, तर निम्म्याहून अधिक इंजेक्शने बाटलीतच राहतील असे मला वाटते. दुधात उतरणाऱ्या औषधाची चिंता कमी होईल, पशुपालकाचा खर्च वाचेल आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध कामाला येईल.

आक्षेप आणि मर्यादा

या विचारावर दोन आक्षेप मी अनेकदा ऐकले आहेत. पहिला असा, की हे संशोधन अमेरिकेतील गुरांचे आणि युरोपातील मुलांचे आहे; आपल्याला त्याचे काय? आक्षेपात तथ्य आहे. होल्स्टीन वासरू, आपल्या घाटावरून आणलेली संकरित गाय, मुऱ्हा म्हैस आणि आपली गोव्याची श्वेतकपिला यांचे प्रतिसाद सारखेच असतील असे गृहीत धरता येत नाही. कर्नाळच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने श्वेतकपिलेला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे आणि त्यामागे जुने गोवे येथील एला परिसरातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचे परिश्रम आहेत. आपल्या दमट हवेत टिकून राहिलेली ही गाय श्वसनरोगाला कसा प्रतिसाद देते, हा प्रश्न आपण नाही विचारला तर कोण विचारणार? तसेच आपल्या मुलांत कुपोषण, क्षय, डेंग्यू यांची भर पडते. परदेशातील मुलांवर ठरवलेली दोन जनुके साखळीच्या किंवा तुयेच्या मुलाला लागू पडतात की नाही, हे येथील नमुन्यांवरच ठरेल. आपल्या देशात हे काम अशक्य नाही. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगात असे जनुक-अभिव्यक्तीचे अभ्यास केले आहेत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हा खर्च आज तालुका पातळीवर परवडणारा नाही, हे मान्य. आरएनए अतिशय नाजूक असतो. नमुना योग्य द्रवात व थंडाव्यात ठेवला नाही, तर काही वेळातच त्याचे तुकडे होतात. परंतु पोलिओचे थेंब बर्फाच्या डब्यातून हरमलपासून लाटंबार्शापर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेला एक नमुना बांबोळीपर्यंत नेणे अवघड नसावे.

आणि यंत्र येईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचेही कारण नाही. या संशोधनाने एक गोष्ट आताच पक्की केली आहे: फुफ्फुसाचा रोग घडतो तो जंतू आणि दुबळा झालेला श्वासमार्ग यांच्या भेटीतून. लांबचा प्रवास, दाटी, ओलावा, धूळ, चिकाचा अभाव यांनी वासराची भूमी तयार होते. मुलांच्या बाबतीत चुलीचा धूर, घरातील विडी-सिगारेट, अपुरे स्तनपान आणि पुन्हा तीच धूळ. डिचोलीत खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि २०२४ पासून पुन्हा उत्खनन सुरू झाले आहे. पेडण्यात मोपाचा विमानतळ झाला, महामार्ग रुंद झाला, डोंगर कापले गेले. रोजगार हवा याबद्दल दुमत नाही. तथापि, रस्त्यावर पाणी मारले जाते की नाही, ट्रकवर ताडपत्री असते की नाही, हा प्रश्न वासराच्या आणि बालकाच्या फुफ्फुसाचाही आहे. तो डॉक्टर व पशुवैद्य यांनी मिळून विचारला, तर त्याला वजन येईल.

हे आपण करून दाखवले आहे

एकत्र काम करण्याची कल्पना गोव्याला नवी नाही. रेबीजचे उदाहरण घ्या. २०१४ पासून गोव्यात शासनाचे पशुसंवर्धन खाते, आरोग्य खाते आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून कुत्र्यांचे व्यापक लसीकरण केले, चावा घेतलेल्यांचा पाठपुरावा केला, शाळाशाळांतून मुलांना शिकवले. २०१७ नंतर काही वर्षे राज्यात रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नाही आणि कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. या यशाची नोंद जगातील अग्रगण्य नियतकालिकाने घेतली. माझ्या पिढीतील ज्या डॉक्टरांनी प्रशिक्षणाच्या काळात रेबीजचा एक तरी बालरुग्ण पाहिला आहे, त्यांना या यशाचे मोल वेगळे सांगायला नको.

उलट उदाहरण माकडतापाचे. २०१५ पासून सत्तरीत त्याचे रुग्ण आढळू लागले, २०१६ मध्ये सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात. रानात माकडे मरतात तेव्हा ती वार्ता वनखात्याकडून, पशुवैद्याकडून डॉक्टरकडे किती लवकर पोहोचते, यावर काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो. दोडामार्ग आपल्या दोन्ही तालुक्यांना लागून आहे. तेव्हा प्राण्यांची वार्ता ही आपलीच वार्ता आहे, हे शहाणपण आपण विकत घेतलेले आहे.

माझ्या सूचना

शेवटी काही सूचना आपल्या संस्थेपुढे ठेवतो. त्यांना फारसा पैसा लागत नाही.

पहिली, पेडणे आणि डिचोली येथील डॉक्टर व पशुवैद्य यांची वर्षातून दोनदा संयुक्त बैठक व्हावी; एक मृगापूर्वी आणि एक दिवाळीनंतर. कोणत्या गावात गुरे खोकत आहेत, कोणत्या गावात मुले, याची साधी नोंद समोरासमोर ठेवावी.

दुसरी, आपल्या रुग्णपत्रिकेवर घरी गुरे आहेत का आणि ती आजारी आहेत का, हे दोन प्रश्न छापून घ्यावेत. ब्रुसेलोसिस आणि लेप्टोस्पायरोसिससारख्या आजारांचे निदान त्यामुळे आधी सुचेल.

तिसरी, प्रतिजैविकांची एक सामाईक यादी करावी. कोणती औषधे दोघांनीही सहजासहजी वापरू नयेत यावर दोघांचे एकमत व्हावे आणि ती यादी औषधविक्रेत्यांनाही द्यावी.

चौथी, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि एला येथील संस्था यांना आपल्या संस्थेने पत्र पाठवावे. आपल्या मुलांच्या आणि आपल्या वासरांच्या प्रतिसादाचा अभ्यास येथे सुरू करायचा असेल, तर पालकांची व पशुपालकांची संमती घेऊन नमुने गोळा करण्यास आम्ही तयार आहोत, असे त्यात लिहावे. बांबोळीच्या महाविद्यालयाचा वारसा १८४२ च्या एस्कोला मेडिकापर्यंत जातो. एवढ्या जुन्या घराने शेजारच्या गोठ्याकडे पाहावे, ही अपेक्षा वावगी नाही.

या सूचनांत त्रुटी असतील. आपले पशुवैद्य मित्र त्या दाखवून देतील आणि मला तेच हवे आहे. मात्र पहिली बैठक पाऊस सुरू होण्यापूर्वी व्हावी. एकदा पाऊस लागला, की वासरांच्या धापेतून त्यांना सवड नसते आणि मुलांच्या धापेतून आम्हाला.